भिंतीवरचा जॉन गिल्पिन



भिंतीवर गोष्ट टांगायची आपली पद्धत जुनीच आहे. मंदिरात लेश्यावृक्षाचं चित्र आपण लहानपणापासून पाहत आलो. जांभळाचं झाड आणि सहा माणसं. एक झाड मुळापासून तोडायला निघालेला, एक मोठी फांदी, एक डहाळी, असं करत शेवटचा माणूस फक्त खाली पडलेली जांभळं वेचतो. मधुबिंदूचं चित्रही तसंच. विहिरीत फांदीला लोंबकळणारा माणूस, वर हत्ती, खाली सर्प, फांदी कुरतडणारे उंदीर, आणि हा गृहस्थ मधाच्या एका थेंबासाठी आ वासून बसलेला! लहान मुलं ते पाहून हसतात. मोठं झाल्यावर कळतं की तो लोंबकळणारा आपणच.

हल्ली घर सजवताना जुन्या इंग्रजी विनोदी कवितांची चित्रं फ्रेम करून लावायची आवड वाढली आहे. कुणी मुलांच्या खोलीत लावतं, कुणी जेवणाच्या टेबलामागे. त्यावर आपल्या बायकांचे दोन प्रश्न ठरलेले असतात. ‘या परक्या चित्रांत आपलं काय?’ आणि ‘आपल्या धर्मात हास्याला चांगलं म्हटलेलं नाही, मग हसण्याची चित्रं घरात कशाला?’ दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण उत्तर देण्याआधी अशा एखाद्या चित्राचा जन्म कसा झाला हे पाहायला हवं. मी जॉन गिल्पिनचं चित्र निवडलं आहे. एक तर ते या प्रकारातलं फार नावाजलेलं चित्र आहे. दुसरं म्हणजे हा गिल्पिन कापडाचा व्यापारी, आणि कापडाची पेढी आपल्या समाजाला काही नवी नाही.

आधी गोष्ट ऐका. लंडनच्या चीपसाइड या बाजारपेठेत गिल्पिनचं दुकान. लग्नाला वीस वर्षं झाली तरी नवराबायकोला एक दिवस सुट्टी मिळालेली नाही. बायको म्हणते, उद्या लग्नाचा वाढदिवस, एडमंटनच्या खाणावळीत जेवायला जाऊ. पण ती, तिची बहीण, बहिणीचं मूल आणि यांची तीन मुलं एवढ्यांतच घोडागाडी भरते. मग गिल्पिनने घोड्यावरून मागून यायचं ठरतं. घोडा मित्राचा, आणि हा मित्र कापडाला कुंदी करून देणारा कारागीर, म्हणजे धंद्यातलाच माणूस. बाई मोठी हिशेबी. बाहेर मद्य महाग पडतं म्हणून घरचंच न्यायचं ठरवते. गाडीही दारात उभी न करता तीन घरं अलीकडे थांबवते, शेजारी ‘बघा कशी मिरवते’ म्हणायला नकोत म्हणून. ही बाई कुठल्याही पेठेत शोभली असती.

गाडी पुढे जाते. गिल्पिन घोड्यावर बसतो न बसतो तोच दुकानात तीन गिऱ्हाइकं येतात. वेळ गेला तर वाईट वाटेल, पण चार पैसे गेले तर त्याहून वाईट वाटेल, असा विचार करून तो खाली उतरतो. पुढे मोलकरीण ओरडत येते, बाटल्या घरीच राहिल्या! त्या दोन बाटल्या पट्ट्यात अडकवून, वर लाल झगा पांघरून स्वारी निघते. घोडा आधी दुडक्या चालीने जातो, मग उधळतो. टोपी उडते, केसांचा टोप उडतो, झगा वाऱ्यावर जातो, बाटल्या फुटतात. कुत्री भुंकतात, पोरं किंचाळतात. लोकांना वाटतं ही पैजेची शर्यत आहे, म्हणून टोलनाक्यावरचे लोक धावत जाऊन फाटकं उघडून देतात. एडमंटनला बायको सज्जातून हाका मारते, जेवण खोळंबलंय म्हणून. पण घोड्याच्या मालकाचं घर पुढे दहा मैलांवर वेअर गावी, घोडा तिथे जाऊनच थांबतो. मित्र त्याला आपली टोपी आणि केसांचा टोप देतो. परतताना घोडा पुन्हा उधळतो आणि एडमंटनला न थांबता थेट लंडनला येतो. जिथे चढला तिथेच गिल्पिन उतरतो. दिवसभर धावाधाव, जेवणाचा पत्ता नाही, आणि माणूस दुकानाच्या दारात!

ही कविता लिहिली विल्यम काउपर या कवीने. त्याच्या आडनावाचा उच्चार ‘कूपर’ असाही करतात. जन्म १७३१, मृत्यू १८००. इतकी हसरी कविता लिहिणारा हा माणूस आयुष्यभर खोल उदासीनतेच्या आजाराने ग्रासलेला होता. देवाने आपल्याला कायमचं टाकलं आहे असं त्याला वाटायचं. जीव देण्याचा प्रयत्नही त्याने केला होता. ऑल्नी या लहान गावात मेरी अनविन नावाच्या विधवा बाईंच्या घरी तो राहायचा. त्या बाईंनी त्याला वर्षानुवर्षं सांभाळलं. १७८२ साली, मन फार खचलेलं असताना, त्यांच्या ओळखीच्या लेडी ऑस्टिन यांनी त्याला ही गिल्पिनची गोष्ट सांगितली. लहानपणी ऐकलेली, सहज सांगितलेली. काउपर रात्री अंथरुणात हसत राहिला आणि त्या गोष्टीची कविता झाली. १४ नोव्हेंबर १७८२ रोजी ती ‘पब्लिक ॲडव्हर्टायझर’ या लंडनच्या वर्तमानपत्रात छापून आली, आणि तीही नावाशिवाय.

आपल्या वाचकांना आवडेल अशी काउपरची आणखी एक बाजू आहे. त्याने तीन ससे पाळले होते. आजारातून सावरताना त्यांची देखभाल हाच त्याचा आधार होता. त्या सशांचे स्वभाव कसे वेगवेगळे होते यावर त्याने १७८४ मध्ये एका मासिकात लेख लिहिला. ज्या देशात सशाची शिकार हा प्रतिष्ठितांचा खेळ, तिथे एक माणूस सशाला स्वभाव असतो असं लिहितो! १७८५ साली आलेल्या ‘द टास्क’ या त्याच्या मोठ्या काव्यात प्राण्यांवरच्या क्रौर्याला विरोध आहे. वाटेतल्या किड्याला विनाकारण चिरडणाऱ्या माणसाविषयीची नापसंतीही त्याने त्यात नोंदवली आहे. आपण ज्याला यत्नाचार म्हणतो, त्याची जाण या जैन नसलेल्या माणसाला आतून आलेली होती. त्याच पुस्तकात गिल्पिनची कविताही आहे. पुढे गुलामांच्या व्यापाराविरुद्धही त्याने कविता लिहिल्या.

वर्तमानपत्रातली कविता भिंतीवर कशी गेली, ते आता पाहू. १७८५ मध्ये जॉन हेंडरसन या प्रसिद्ध नटाने लंडनमध्ये या कवितेचं जाहीर वाचन केलं. सभागृह हसून लोटपोट झालं आणि गिल्पिन घराघरांत पोचला. चित्रांच्या दुकानांच्या खिडक्यांत उधळलेल्या घोड्यावरचा गिल्पिन दिसू लागला. त्या काळी अशी सुटी छापील चित्रं विकत घेऊन लोक घरात लावत. तैलचित्र श्रीमंतांना परवडायचं, छापील चित्र मध्यमवर्गालाही. कविता वाचता न येणाऱ्यालाही घोडा, उडालेली टोपी आणि घाबरलेला शेठजी समजत होता. नंतर १८२८ मध्ये जॉर्ज क्रुकशँक या व्यंगचित्रकाराने या कवितेसाठी सहा चित्रं काढली.

पण आज फ्रेममध्ये जो गिल्पिन बहुधा दिसतो, तो रँडॉल्फ कॅल्डेकॉटचा. त्याची हकिगत मला, वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी म्हणून, फार जवळची वाटते. हा चित्रकार मुळात बँकेतला कारकून! १८४६ साली चेस्टर शहरात जन्मला. लहानपणीच्या तापाने हृदय कमकुवत झालेलं. पंधराव्या वर्षी शाळा सुटली आणि तो एका गावातल्या बँकेत चिकटला, मग मँचेस्टरच्या बँकेत. दिवसा खतावण्या आणि संध्याकाळी कलाशाळा. खेड्यातली घरं, घोडे, बाजार आणि शेतकरी त्याने मन लावून पाहिले होते. १८७२ मध्ये नोकरी सोडून तो लंडनला आला आणि चित्रांवर पोट भरू लागला.

तिथे त्याची गाठ एडमंड इव्हान्स या छपाई करणाऱ्या कारागिराशी पडली. इव्हान्स लाकडी ठोकळ्यांवरून रंगीत छपाई करण्यात निष्णात होता. त्या काळी मुलांची स्वस्त रंगीत पुस्तकं भडक आणि ओबडधोबड असत. इव्हान्सचं म्हणणं असं, की स्वस्त वस्तू वाईटच असली पाहिजे असं नाही. रेषा नीट कोरल्या, रंग मोजके ठेवले आणि प्रती भरपूर काढल्या, तर एका शिलिंगला चांगलं पुस्तक देता येतं. १८७८ च्या नाताळासाठी दोन पुस्तकं निघाली, त्यातलं एक ‘जॉन गिल्पिन’.

छपाईची रीत समजून घेण्यासारखी आहे, कारण भिंतीवरच्या चित्राचा मऊ रंग तिच्यातूनच येतो. आधी मुख्य रेषांचा ठोकळा गडद तपकिरी रंगात छापायचा. त्यावर कॅल्डेकॉट हाताने रंग भरून नमुना द्यायचा. मग त्या नमुन्याच्या जवळ जाण्यासाठी कातडीचा रंग, लाल, निळा, पिवळा आणि राखाडी यांचे वेगळे ठोकळे कोरायचे. म्हणजे एकाच कागदावर सहा वेळा छाप. प्रत्येक वेळी कागद तंतोतंत त्याच जागी बसला पाहिजे, नाहीतर गिल्पिनचे गाल टोपीवर जायचे! आपल्याकडे ठशांची साडी छापणाऱ्या कारागिराला हे लगेच कळेल.

व्यवहारही नमुनेदार होता. ठोकळे आणि कागद यांची जोखीम इव्हान्सने घेतली. कॅल्डेकॉटने एकरकमी पैसे घेतले नाहीत. पुस्तक खपलं तर प्रतीमागे हिस्सा, नाही खपलं तर काहीच नाही. पहिली छपाई दहा हजारांची होती, ती लवकरच संपली आणि पुन्हा छापावं लागलं. त्यानंतर १८८५ पर्यंत दर नाताळाला दोन याप्रमाणे सोळा पुस्तकं झाली. १२ फेब्रुवारी १८८६ रोजी, हवापालटासाठी अमेरिकेत गेलेला असताना, फ्लोरिडामध्ये कॅल्डेकॉट वारला. वय फक्त एकोणचाळीस.

त्याच सुमारास इंग्लंडच्या घरांत मुलांच्या खोलीची स्वतंत्र सजावट सुरू झाली होती. वॉल्टर क्रेन या इव्हान्सच्याच दुसऱ्या चित्रकाराने १८७५ मध्ये बालगीतावर आधारलेला भिंतीचा कागद तयार केला होता. मुलांनी रोज पाहायची चित्रंही चांगली असावीत, हा विचार तेव्हा नवा होता. आज परदेशी असलेल्या आपल्या नातवंडांच्या काही चित्रपुस्तकांवर सोनेरी गोल शिक्का असतो. तो कॅल्डेकॉट पदकाचा. उत्तम चित्रपुस्तकासाठी १९३८ पासून अमेरिकेतल्या ग्रंथालयांची संघटना हे पदक देते. शिक्का नीट पाहा, त्यावर घोड्याला बिलगलेला गिल्पिन आहे. चित्र भिंतीवरून असं पुस्तकावर परत आलं.

आता आपल्या प्रश्नाकडे. हास्याविषयी आपलं शास्त्र काय म्हणतं ते गुळगुळीत करून सांगण्यात अर्थ नाही. हास्य हा नऊ नोकषायांपैकी एक आहे आणि तो मोहनीय कर्मात मोडतो. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्यव्रताच्या ज्या पाच भावना सांगितल्या आहेत, त्यांत क्रोध, लोभ आणि भय यांच्याबरोबर हास्याचाही त्याग आहे. कारण सोपं आहे. हसवण्याच्या नादात माणूस खोटं बोलतो. अनर्थदंडव्रताच्या अतिचारांत कंदर्प, कौत्कुच्य आणि मौखर्य येतात, म्हणजे चावट थट्टा, अंगविक्षेप आणि वायफळ बडबड.

मुनींना हास्यच सोडायचं आहे. आपण गृहस्थ. आपल्याकडून हास्य सुटत नाही, पण ते कुठल्या जातीचं आहे हे पाहणं आपल्या हातात आहे. म्हणून विनोदी चित्र घरात आणताना मी हीच यादी कसोटी म्हणून वापरते. चित्रात चावटपणा आहे का? कुणाचं व्यंग, जात, वर्ण किंवा गरिबी यांची टर उडवलेली आहे का? कुणाला मारताना, शिकार होताना पाहून हसायचं आहे का? जुन्या इंग्रजी चित्रांत या गोष्टी भरपूर सापडतात. गोऱ्या साहेबाच्या नजरेतून काढलेले ‘नेटिव्ह’ नोकर सापडतात, आणि शिकारीची चित्रं तर पैशाला पासरी. कॅल्डेकॉटलाही शिकारीचा शौक होता आणि तशी चित्रं त्याने काढली आहेत. ती सुंदर असली तरी मी ती भिंतीवर लावणार नाही. वस्तू जुनी आहे म्हणून ती पवित्र होत नाही.

गिल्पिन या कसोटीतून जातो. त्याचा हात मोडत नाही, घोडा पडत नाही, कुणाचा अपमान होत नाही. मद्याच्या बाटल्यांवर कुणाचा आक्षेप असेल तर तो योग्यच आहे. बाटल्या नसलेला प्रसंग निवडावा. पण त्या बाटल्यांचं शेवटी काय होतं हेही मुलांना सांगावं! हसू येतं ते त्या माणसाच्या तोऱ्याचं, त्याच्या हिशेबी स्वभावाचं आणि लगाम हातातून सुटल्याचं. आपल्याही घरात गिऱ्हाईक आलं म्हणून समारंभ खोळंबलेले आहेत. हे हसणं दुसऱ्यावर नाही, स्वतःवर आहे, आणि स्वतःवर हसताना मान थोडी खाली जाते.

आणि तो घोडा! श्वेतांबर आगमांतल्या उत्तराध्ययन सूत्रात केशी श्रमण आणि गौतम स्वामी यांचा संवाद आहे. केशी विचारतात, या उधळणाऱ्या घोड्यावर बसूनही तुम्ही वाट कशी चुकत नाही? गौतम उत्तर देतात त्याचा भाव असा, की तो घोडा म्हणजे मन, आणि मी त्याला श्रुतज्ञानाच्या लगामाने आवरतो. काउपरला या संवादाची माहिती असण्याचं कारण नाही. पण वेअरच्या रस्त्यावर उधळलेला घोडा पाहताना आपल्याला तो आठवायला कुणाची हरकत आहे? लोक शर्यत समजून फाटकं उघडून देतात, हा तर कवितेतला सगळ्यात खरा भाग. आपलं मन उधळलेलं असतं आणि जग म्हणतं, काय प्रगती आहे!

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगायची आहे. बाजारात ‘अस्सल जुनं चित्र’ म्हणून जी पानं मिळतात, त्यातली पुष्कळशी जुनी पुस्तकं फोडून काढलेली असतात. पूर्ण पुस्तकापेक्षा सुटी पानं विकली तर पैसे जास्त होतात. जे पुस्तक शंभरसव्वाशे वर्षं कुणीतरी जपलं, ते व्यापारी पात्याने कापतो. आपण श्रुतपंचमीला, ज्ञानपंचमीला ग्रंथ पुसून, नव्या वेष्टनात बांधून ठेवणारी माणसं. ज्ञानाच्या साधनांचा अनादर आणि नाश ही ज्ञानावरणीय कर्माच्या बंधाची कारणं म्हणून आपण शिकलो. तो नियम फक्त आपल्या धर्मग्रंथांपुरता ठेवायचा का? मला तसं वाटत नाही. शिवाय फोडलेल्या पुस्तकात चित्र एकीकडे आणि कविता दुसरीकडे जाते. मग भिंतीवर उरतो तो नुसता घोड्यावरचा लाल झगेवाला, गोष्टीशिवाय.

म्हणून चांगली नवी छापील प्रत लावावी. या चित्रांवर आता कुणाचा हक्क राहिलेला नाही. ग्रंथालयांनी पूर्ण पुस्तकांची छायाचित्रं घेऊन सर्वांसाठी खुली ठेवली आहेत. त्यातलं हवं ते पान चांगल्या जाड कागदावर छापून घेता येतं. खर्च कमी, आणि कुणाचं पुस्तकही फाटत नाही. घरात आजोबांच्या वेळचं अख्खं पुस्तक असेल तर ते अख्खंच ठेवा.

लावताना थोडी काळजी घ्या. काच चित्राला चिकटू देऊ नका. मध्ये जाड कागदाची चौकट घालायला फ्रेमवाल्याला सांगा, नाहीतर पावसाळ्यात ओल धरून कागद काचेला चिकटतो. बाहेरच्या ओलसर भिंतीवर आणि थेट उन्हात चित्र नको. फ्रेमची मागची बाजू कागदी पट्टीने पूर्ण बंद करून घ्या. फटीतून कसर आत शिरते, खळीवर वाढते, आणि मग ती काढताना हिंसा होते. आधीच दार बंद केलेलं बरं. जागा मुलांच्या डोळ्यांच्या उंचीची निवडा. देवघराच्या खोलीत किंवा तीर्थंकरांच्या प्रतिमेजवळ असं चित्र नको, त्या जागेचा भाव वेगळा. जेवणघर किंवा दाराजवळची भिंत उत्तम.

सगळ्यात महत्त्वाचं, चित्राखाली उभं राहून गोष्ट सांगा. उदास कवीची, त्याला हसवणाऱ्या मैत्रिणीची, बँकेतल्या कारकुनाची, सहा ठोकळे जुळवणाऱ्या कारागिराची. अडीचशे वर्षांपूर्वी एका बाईने एका खचलेल्या माणसाला कुणालाही न दुखावणारी एक गोष्ट सांगितली, तिच्यातून हे सगळं झालं. तेवढं तर आपल्यापैकी कुणालाही जमेल.

जय जिनेंद्र.